टिकला तो लायक?

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपल्याकडे अभिमानाने कुणी उच्चारत नाही. ज्याचा कान पिळला गेला तोच ती म्हणतो, आणि म्हणताना सुस्कारा सोडतो. पण एकोणिसाव्या शतकात अशी विद्वान माणसे निघाली, की ज्यांनी या सुस्काऱ्यालाच सृष्टीचा कायदा ठरवून टाकले!

आपली समजूत अशी, की डार्विनने रानात झुंज पाहिली आणि अर्थशास्त्रज्ञांनी ती बाजारात आणली. खरे पाहता पहिली उसनवारी उलटी झाली. १७९८ साली माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्याने लोकसंख्येवर निबंध लिहिला. माणसे १, २, ४, ८ अशी वाढू पाहतात. धान्य मात्र १, २, ३, ४ असे वाढते. तेव्हा कुणाचे तरी पोट रिकामे राहायचेच, असा त्याचा हिशेब. १८३८ साली हा निबंध डार्विनच्या वाचनात आला आणि त्याला आपल्या सिद्धांताची किल्ली सापडली. ‘योग्यतम तेच टिकते’ हे शब्दही मुळात डार्विनचे नव्हेत. ते १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सरने घडवले. अर्थशास्त्राने निसर्गाला दिलेले कर्ज असे सव्याज परत आले.

वाचक म्हणतील, पंडितांच्या या देवघेवीशी आपला काय संबंध? संबंध आहे. माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, कंपनी सरकारच्या हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होता. हिंदुस्थानात येणारे गोरे अधिकारी तिथे तयार होत. त्याच कॉलेजात पुढे शिकलेल्या रिचर्ड टेंपलने १८७४ साली बिहारच्या दुष्काळात तांदूळ आणवून माणसे जगवली, तर उधळेपणाचा ठपका त्याच्यावर आला. १८७७ साली मद्रास इलाख्यात त्याने हात इतका आखडला, की दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला साडेचारशे ग्रॅम धान्य! सगळा दोष माल्थसच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खजिन्याची चिंताही होतीच. पण ‘काही माणसे मरायचीच’ असे एकदा मनात ठरले, की मदतीचा हात जड होतो.

अर्थशास्त्रात निराळा विचार करणारेही झाले. अमेरिकेतल्या व्हेब्लेनने १८९८ साली विचारले, की अर्थशास्त्र अजून उत्क्रांतीचे शास्त्र का झाले नाही? त्याला विजेत्यांच्या आरत्या ओवाळायच्या नव्हत्या. माणसाच्या सवयी आणि रूढी कशा बदलत जातात हे त्याला पाहायचे होते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९५० साली आर्मेन आल्चियनने दिलेला दाखला. शिकागोहून हजारो प्रवासी डोळे मिटून वाटेल त्या रस्त्याने मोटारी घेऊन निघाले. पेट्रोलचे पंप एकाच रस्त्यावर. साहजिकच त्या रस्त्याचे प्रवासी पुढे गेले, बाकीचे अडकले. पुढे गेलेले काय शहाणे होते? मुळीच नाही. पंप उद्या दुसऱ्या रस्त्यावर हलवले, तर कालचे अभागी आज पुढे जातील. बाजार निवड करतो हे खरे. पण ज्याची निवड झाली तो गुणवान होताच, असे त्यातून निघत नाही.

मी शाळामास्तर. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाचे पेढे मी आनंदाने खातो. त्याने कष्ट केलेले असतात. पण नापास झालेल्याच्या वाटेवर पंप होता का, हेही विचारावेसे वाटते. कष्टांचे मोल मी नाकारीत नाही. कष्ट न करणारा पंपाजवळूनही पुढे जात नाही. एवढेच म्हणतो, की टिकणे ही घटना आहे. लायकी हा न्याय आहे. घटनेवरून न्याय आपोआप ठरत नाही, तो माणसांनी करावा लागतो.

लक्ष्मीपूजनाला वहीवर आपण ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन शब्द लिहितो. लाभ झाला म्हणजे शुभ झालेच, अशी पूर्वजांची खात्री असती, तर एका शब्दावर भागले असते. यंदा पूजा झाल्यावर, ज्याच्या दुकानाला या वर्षी कुलूप लागले अशा शेजाऱ्याकडे फराळाचे ताट घेऊन जावे. आणि तो कुठे चुकला हे सांगण्याऐवजी आता काय करता येईल, हे त्याला विचारावे.