सामर्थ्य कुणात कमी?

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कुणाला, याची चर्चा आहे. तिथे अंध, पंगू, बहिरे यांचा प्रश्न निघतो. आंधळ्याला आज्यावेक्षण, म्हणजे यज्ञातले तूप न्याहाळण्याचा विधी, करता येणार नाही. पांगळ्याला विष्णुक्रमांची पावले टाकता येणार नाहीत. मग कर्म सांग, म्हणजे सर्व अंगांसह पूर्ण, व्हायचे कसे? व्यंग बरे होण्यासारखे असेल तर अधिकार आहे, कायमचे असेल तर काम्य, म्हणजे फळाच्या इच्छेने करायच्या, यज्ञाचा नाही, असा मीमांसकांचा निवाडा. आज तो कठोर वाटतो, पण त्यामागचा तर्क चोख आहे. वेद अपौरुषेय, विधी माणसाने रचलेला नाही, म्हणून तो बदलण्याची मुभाही माणसाला नाही. विधी जागचा हलत नाही, तेव्हा उणेपण माणसाच्या पदरात पडते. सारा निवाडा या एका गृहीतकावर उभा आहे.

वाळपईहून साखळीच्या सरकारी महाविद्यालयात किंवा ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या दृष्टिहीन मुलीच्या मोबाईलवर येणारी पीडीएफ मात्र अपौरुषेय नाही. ती कुणीतरी आदल्या रात्री बसून केलेली असते. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून जोडलेले असले, की डोळसाला पान दिसते आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या पडदावाचकाला नुसते चित्र. तो गप्प बसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेले असेल तर आणखी गंमत. वरून सुबक देवनागरी, आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी, आणि पडदावाचक ती खिचडी इमानाने वाचून दाखवतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये असता तर मुलीने तो बसल्या जागी ऐकला असता. तिचे कान तेच, बुद्धी तीच, अभ्यासक्रमही तोच. बदलला फक्त फॉन्ट. मग असमर्थ कुणाला म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अशी मुले असतात किती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता जगण्याच्या हक्काचाच भाग मानली. पण कायदा बाजूला ठेवला तरी आक्षेप टिकत नाही. अधिकार डोकी मोजून ठरवायचा नसतो. मीमांसकांनीही तो तसा ठरवला नव्हता. ‘मूल आले की बघू’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की फाइल दुरुस्त होईतो परीक्षा उरकलेली असते. शिक्षकांवरच्या भाराचा आक्षेप मात्र खरा आहे. गणिताची समीकरणे, नकाशे, मोडी कागदांच्या प्रती ऐकण्याजोग्या करणे एकट्या प्राध्यापकाचे काम नव्हे. त्यासाठी विद्यापीठाने माणसे नेमली पाहिजेत. पण युनिकोडमध्ये टाइप करायला कुणाची नेमणूक लागत नाही.

उरला तात्त्विक आक्षेप: वाट सोपी केली की ज्ञान पातळ होते. इथे दोन गोष्टींची गल्लत आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीतून गीतार्थ मराठीत आला. त्याने दार रुंद झाले, अर्थाची खोली तसूभर कमी झाली नाही. नवव्या महिन्यात दृष्टी गेलेले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेत आणि स्वतःचे सांगून लिहवून घेत. त्यांचे ग्रंथ शंभरावर आहेत, आणि सोपे तर मुळीच नाहीत. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून हात जोडतो. मला त्यांच्याभोवती बसून पोथी वाचणारी माणसे अधिक महत्त्वाची वाटतात. ती नसती तर त्या प्रज्ञेपर्यंत शास्त्रे पोचली कशी असती? वेदान्त कठीण आहे म्हणून विद्यार्थी अडला तर ती विद्येची कसोटी. स्कॅन वाचता येत नाही म्हणून अडला तर ती आपली हयगय, आणि तिला कसोटीचा मान देण्याचे कारण नाही.

म्हणून शिकवणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या सत्राच्या नोट्स पाठवण्याआधी फाइलमधली एक ओळ निवडा आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहा. ओळ निवडताच आली नाही किंवा मराठीऐवजी भलतेच काही उमटले, तर ती फाइल पाठवू नका.