चूक सांगणारीलाच घरी पाठवू नका

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. जीएनएम या परिचर्या अभ्यासक्रमाची तीन वर्षं पुरी करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवून तिने पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नोकरी धरली होती. वडील मजुरीवर, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. घराण्यातली पहिली नोकरदार मुलगी म्हणून गावात पेढे वाटले गेले होते. बाराव्या दिवशी तिला एचआरच्या खोलीत बोलावून ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगण्यात आलं. लेखी कारण दिलं नाही.

घडलं होतं ते असं. नेमणूकपत्रात ओरिएंटेशन दोन आठवड्यांचं लिहिलं होतं. पहिले तीन दिवस आग लागली तर काय करायचं, हात कसे धुवायचे, संगणकावर नोंदी कशा करायच्या, यात गेले. चौथ्या दिवशी दोन सिस्टर आल्या नाहीत आणि हिचं नाव ड्युटीच्या तक्त्यात लागलं. पुढच्या आठवड्यात नाईट आली, तेव्हा आठ रुग्ण तिच्या एकटीकडे. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. आणि इथे तर शिकाऊ मुलगी होती. जिच्या हाताखाली शिकायचं ती सीनियर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला तितक्याच खाटांत अडकलेली.

आमच्या शाळेत ही मुलगी घड्याळ समोर धरून सलाईनचे थेंब मोजायला शिकली होती. एका मिलीला वीस थेंब, सगळा हिशेब तोंडपाठ. नव्या जागी प्रत्येक खाटेपाशी इन्फ्युजन पंप. पोटॅशियम घातलेली बाटली तासाला ५० मिलीने सोडायची होती. तिच्या हातून पंपावर १५० पडलं. दहा मिनिटांनी फेरी मारताना तिच्याच लक्षात आलं. तिने पंप थांबवला, धावत जाऊन सीनियरला आणि डॉक्टरांना सांगितलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. रुग्णाला काही झालेलं नव्हतं. सकाळी तिने इन्सिडेंट फॉर्म स्वतःच्या हाताने भरला, आणि त्याच फॉर्मवर तिची नोकरी गेली.

“मॅडम, मी सांगायलाच नको होतं का?” तिने मला विचारलं.

पोटॅशियम हे हसण्यावारी नेण्याचं औषध नाही. वेगाने शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यामुळे तिची चूक किरकोळ होती असं मी म्हणणार नाही, तिनेही तसं म्हटलं नाही. पण तो पंप तिला कोणी, किती वेळ दाखवला होता? धोक्याच्या औषधाचा आकडा दोघींनी तपासायचा असतो, तर त्या रात्री दुसरी कुठे होती? ओरिएंटेशनमधली मुलगी तक्त्यात कोणाच्या सहीने घातली? हे प्रश्न कोणी विचारले नाहीत, कारण मुलीला काढल्यावर ते विचारण्याची गरजच उरली नाही. पंप तिथेच आहे, तक्ता तसाच लागतो आहे, आणि त्या खाटांशी आता दुसरी एखादी नवी मुलगी उभी असेल.

त्याहून मोठं नुकसान त्या सकाळी झालं. वॉर्डातल्या इतर सिस्टर, ब्रदर, मामा-मावशी, सगळ्यांनी पाहिलं की सांगणारी गेली. पुढच्या वेळी कोणाच्या हातून आकडा चुकला तर ती मुकाट्याने दुरुस्त करेल, बाटलीची वेळ जुळवून लिहील आणि देवाला हात जोडेल. त्या वेळी रुग्णाला काही झालंच, तर डॉक्टरांना कारण कळायला उशीर होईल. आपला माणूस तिथे खाटेवर असेल तर आपल्याला कोणती नर्स हवी? १९९९ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ‘टू अर इज ह्यूमन’ हा अहवाल काढला. तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात, असा त्याचा अंदाज होता. या चुका बहुतांशी निष्काळजी माणसांमुळे नव्हे, तर कामाच्या सदोष व्यवस्थेमुळे होतात, असं त्याने निक्षून सांगितलं. आज मोठ्या रुग्णालयांच्या भिंतींवर रुग्णसुरक्षेचे फलक असतात. ते फलक लावणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घेतली असती, तर इन्सिडेंट फॉर्म बडतर्फीचा कागद झाला नसता.

‘प्रोबेशनमध्ये आम्ही कोणालाही काढू शकतो’ हे उत्तर मी अनेक व्यवस्थापनांकडून ऐकलं आहे. हा शब्द आमच्या व्यवसायात आला कुठून, ते त्यांनी पाहावं. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने शाळा निघाली, तिथल्या शिकणाऱ्या मुलींना प्रोबेशनर म्हणत. वर्षभर त्यांना राहायला जागा, जेवण आणि हातखर्च मिळे, वॉर्डातली सिस्टर त्यांना शिकवी. पारख तेव्हाही होई, पण शिकवून मग. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांना आणि गरीब घरच्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवलं, तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली होती. संस्था त्या बायकांच्या पाठीशी उभी राहिली, म्हणून त्या टिकल्या. आज मुली आपण होऊन येतात, पदरचे पैसे घालून शिकून येतात, आणि आपण त्यांना बारा दिवसही सांभाळू शकत नाही!

पॅट्रिशिया बेनर या परिचारिका-संशोधक बाईंनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात नर्स कशी घडत जाते हे मांडलं. नुकती पास झालेली नर्स पुढारलेली नवशिकी असते. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर ती सक्षम होते. वीस वर्षांची अनुभवी सिस्टरसुद्धा अनोळखी वॉर्डात गेली की पुन्हा नवशिकी. हे मी स्वतः अनुभवलं आहे. मेडिसिन वॉर्डात दहा वर्षं काढून मी लहान बाळांच्या आयसीयूत गेले, तेव्हा पहिला आठवडा माझे हात थरथरत होते. मला सांभाळून घेणारी इन्चार्ज भेटली.

आणि मी इन्चार्ज झाल्यावर काय केलं, तेही इथे सांगायला हवं. एका नव्या मुलीला शिरेत व्हेनफ्लॉनची सुई लावता येईना, म्हणून मी नातेवाइकांसमोर तिच्यावर ओरडले. महिनाअखेरीस तिच्या अहवालावर ‘अयोग्य’ असं लिहून सही केली. तिला हात धरून एकदाही दाखवलं नव्हतं. ती गेली, कुठे गेली ते मला ठाऊक नाही. आमच्या सीनियरनी आम्हांला असंच रडवलं आणि आम्ही ते शिस्त म्हणून पुढे चालवलं. मुलींना काढतात व्यवस्थापनं हे खरं, पण काढण्याचा शेरा पुष्कळदा आमच्या पेनातून उतरतो.

म्हणून माझी पहिली मागणी आमच्याच लोकांकडे आहे. मेट्रननी ठणकावून सांगावं की ओरिएंटेशनमधली मुलगी मनुष्यबळात मोजली जाणार नाही, एक सिस्टर कमी असली तरीही. जी सीनियर शिकवणार तिच्याकडे त्या दिवसांत रुग्ण कमी द्यावेत, कारण सवडीशिवाय शिकवणं होत नाही. मुलीची पंपाशी, औषधांच्या ट्रॉलीशी, नोंदींशी ओळख झाली की नाही हे कागदावर दोघींच्या सहीने यावं. जमत नसेल तर दुसऱ्या, शांत वॉर्डात पुन्हा संधी द्यावी, आणि तरीही थांबवायचं झालं तर कारण लेखी द्यावं. मूळ प्रमाणपत्रं तर कोणी ठेवूनच घेऊ नयेत. या मुलीला तिची परत मिळवायला चार चकरा माराव्या लागल्या. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. रुग्ण कमी द्यायला मात्र लागतो, आणि तो खर्च रुग्णालयाने करावा, मुलीने नव्हे.

तिच्या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी उत्तर दिलं: सांगितलंस ते बरोबर केलंस, बाळ. पण असं म्हणून तिला एकटीला पाठवणं मला जमलं नाही. तिने आता एका तीस खाटांच्या रुग्णालयात अर्ज केला आहे. आधीची नोकरी का सोडली, असा रकाना अर्जात आहे. घरचे म्हणतात, तब्येतीचं कारण लिही. तिने पंप, ५० आणि १५०, सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे. सोमवारी मुलाखत आहे. तिथल्या मेट्रनना भेटायला मी तिच्याबरोबर जाणार आहे.