भरवसा कोणाच्या जिवावर?

कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं संत तुकाराम महाराजांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी जिला अडीच-तीन आठवडे लागतात, ती वाट एका दिवसात सरली. बारामतीचा मुक्काम चुकला. काटेवाडीत परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून पालखी गेली नाही, मेंढ्यांनी तिच्याभोवती फेर धरला नाही. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मुक्कामांच्या गावांचा आषाढ कोरडाच गेला.

मग २०२२ आलं. एप्रिलच्या सुरुवातीला राज्याने निर्बंध उठवले आणि २० जूनला पालखीचं देहूतून पुन्हा पायी प्रस्थान झालं. पण मेअखेरीस पुण्यातच ओमायक्रॉनच्या बीए.४ आणि बीए.५ या उपप्रकारांचे राज्यातले पहिले रुग्ण आढळले होते, आणि जूनमध्ये रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली होती. विठ्ठलावर भरवसा आहे म्हणायचं आणि गर्दीला भ्यायचंही, हे वारकऱ्याला शोभतं का?

प्रश्न बोचरा आहे, कारण वारीतली भक्ती स्पर्शातून चालते. लहानमोठं न पाहता माणसं एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात, एका पंगतीत जेवतात, एका राहुटीत दाटीने निजतात. साथीच्या काळात धोका होता तो नेमका इथेच. २०२१ मध्ये कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांनी पायी वारीचा आग्रह धरला आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. त्या आग्रहामागची तळमळ खरी होती. चालल्याविना वारी घडते कुठे?

तरीही त्या आग्रहात एक गोष्ट सुटते. आपला जीव देवावर सोपवायचा अधिकार वारकऱ्याला आहे, पण तो एकटा चालत नसतो. मुक्कामाच्या गावात कुणीतरी त्याच्यासाठी भाकरी थापतं, ओसरी मोकळी करून देतं. त्या घरात म्हातारी सासू असते, दम्याचा मुलगा असतो. त्यांचा जीव पणाला लावायचा अधिकार पाहुण्याला कोणी दिला? सावधपणा श्रद्धेला उणेपणा आणत नाही. यजमानाचा विचार करणं हीसुद्धा भक्तीच आहे, आणि सर्वांभूती विठ्ठल पाहणाऱ्या संप्रदायाला ते वेगळं शिकवायला नको.

सावधपणाचंही एक व्यसन असतं, हेही तितकंच खरं. दोन वर्षं लोकांनी दारं लावून घेतली ती पुन्हा उघडता यावीत म्हणून. लस घेतलेल्या, बरं वाटत असलेल्या माणसाला २०२२ मध्येही घरीच बस म्हणणं म्हणजे त्या सोसण्याचा हेतूच विसरणं होतं.

मग भरवसा कशाचा ठेवायचा? तुकोबांच्या श्रद्धेला भाबड्या आशेचा आधार नव्हता. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. काही वाईट होणारच नाही, असा दिलासा त्यांच्या विठ्ठलाने दिला नव्हता. उद्याची हमी नसतानाही माणसांत राहायचं, एवढंच त्या भक्तीने मागितलं. महामारी ओसरताना अशीच, हमी न मागणारी आशा कामाची होती. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं, त्यांना ‘साथ संपली’ हे वाक्य सांत्वनाचं वाटणं शक्य नव्हतं.

ओढ आणि सावधपणा एकत्र कसे नांदतात, हे वारीच्या रिंगणात दिसतं. इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण होतं. हजारोंची गर्दी मधली वाट मोकळी सोडते, म्हणून अश्व धावू शकतो. त्याच रिंगणात झेंडेकरी, तुळशीवाल्या बायका, विणेकरीही धावतात. पुढे रेटायची ओढ प्रत्येकाला असते, पण तो थांबतो. ही शिस्त वारीला बाहेरून कोणी दिलेली नाही. म्हणूनच खोकला-ताप असेल तर त्या वर्षी दिंडीत न जाणं, घरातल्या ज्येष्ठांची वर्धक मात्रा आधी उरकणं, मुक्कामी राहुटीची कनात उघडी ठेवणं, हे वारकऱ्याला परक्या नियमासारखं वाटायचं कारण नव्हतं. १० जुलै २०२२च्या एकादशीपर्यंत चाललेल्या दिंड्यांकडून एवढीच अपेक्षा रास्त होती.