माळावरची दुपार

माणदेशातल्या एका माळावर एक चित्रकार येऊन राहिला. माळ, मेंढरं आणि धनगर असं एक हुबेहूब चित्र त्याला काढायचं होतं.

सकाळी मेंढरं पांगून चरत, तेव्हा तो त्यांची रेखाटनं करी. दुपारी ऊन आणि सावल्या टिपी. संध्याकाळी धनगर मोकळा झाला, की त्याला काठीवर रेलून उभं राहायला सांगे. मग खोलीत बसून त्यानं हे सगळं एका कागदावर आणलं. जलरंगात उजेड रंगवत नाहीत. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवतात. त्यानं तो नेमका राखला. लांबच्या डोंगरांवर फिकट निळा हात फिरवला. लोकरीची वळणं, शिंगांचे पीळ, घोंगडीचे काठ, काही सुटलं नाही. गावच्या मास्तरांनी वाहवा केली.

धनगरानं मात्र चित्र बराच वेळ निरखलं.

"मेंढरं माझीच हायती," तो म्हणाला. "ही बांडी, ह्यो मोडक्या शिंगाचा मेंढा. पर मेंढरं सकाळची, ऊन दुपारचं आन् मी सांजचा."

चित्रकार काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो माळावर नुसता बसून राहिला. सावल्या पायांखाली गोळा झाल्या. मेंढरांनी चरणं सोडलं. बाभळीखाली मावली तेवढी मावली. उरलेली एकमेकींना खेटून उभी राहिली आणि प्रत्येकीनं शेजारणीच्या पोटाखालच्या सावलीत मान घातली. धनगरही काठी बाजूला टाकून बुंध्याला टेकला आणि त्यानं पटका तोंडावर ओढला.

चित्रकारानं नवा कागद घेतला. या चित्रात मेंढरांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. धनगराचा चेहराही पटक्याआड गेला होता. मास्तर म्हणाले, "आधीचं जास्त देखणं होतं."

तेवढ्यात धनगराची बायको भाकरी घेऊन आली. तिनं चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "लई तापलंय. आता पाण्यावर न्याया पायजेत."

पहिल्या चित्रात खोटं काहीच नव्हतं. प्रत्येक गोष्ट नीट पाहिलेली होती, पण एकेकटी पाहिलेली होती. ऊन चढलं म्हणून मेंढरं थांबतात आणि मेंढरं थांबली म्हणून धनगर टेकतो, हे त्यात कुठेच नव्हतं. माणसांबद्दल बोलतानाही आपण खऱ्या गोष्टी वेचून शेजारी शेजारी मांडतो. कशामुळे काय घडलं, ते विचारायचं तेवढं राहून जातं.