बुडालेले सत्र

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या नारायणगडाच्या परिसरातली गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टर, मालमोटारी, बैलगाड्या भरतात. भांडीकुंडी, शेरडे, तान्ही मुले सारे त्यांत चढते आणि साखर कारखान्यांच्या वाटेला लागते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल आणि घरोघर फराळाची ताटे फिरू लागतील, तेव्हा बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहिलेली असतील. हे दरवर्षीचे आहे. त्याच्यासाठी वसतिगृहे निघाली, योजना झाल्या. त्या पुऱ्या पडतात की नाही हा वेगळा विषय आहे. मला लिहायचे आहे ते अवचित कोसळणाऱ्या संकटाविषयी, आणि त्या वेळी विद्यापीठाने विद्यार्थ्याशी कसे वागावे याविषयी.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर. आता ऐन निघण्याच्या सुमारास त्यांतला एक अंथरुणाला खिळला तर? उरतो तो अर्धा कोयता. पण उचल काही अर्धी होत नाही. ती आजारपणात, बी-बियाण्यात, नाहीतर थोरलीच्या लग्नात कधीच खर्च झालेली असते. मग अर्धा कोयता पुरा करायला घरातले जे कोणी हाताशी असेल ते उभे राहते, आणि ते बहुधा कॉलेजात शिकणारे मूल असते.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला आणि आईबरोबर तिला फडावर जावे लागले. पहिल्या सत्राची परीक्षा चार आठवड्यांवर आली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी ती कोरा कागद घेऊन माझ्याकडे आली.

"गुरुजी, अर्जात कारण काय लिहू?"

"खरे आहे ते लिही."

"खरे चालत नाही म्हणतात. मी आजारी असल्याचा दाखला असेल तर चालेल म्हणतात."

हे तिला कोणत्या खिडकीवर सांगितले गेले ते सांगण्याचे कारण नाही. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्यासमोरच्या छापील नमुन्यात विद्यार्थ्याच्या आजाराला जागा होती, विद्यार्थ्याच्या बापाच्या आजाराला नव्हती. खोटा दाखला मिळणे अवघड नव्हते. तिने तो आणला नाही, मीही आणू दिला नाही. गुणपत्रिकेत पाच विषयांपुढे एकच शब्द आला: गैरहजर. अभ्यास न झाल्यामुळे जो मुलगा परीक्षेच्या दिवशी घरी झोपून राहिला, त्याच्या गुणपत्रिकेतही तोच शब्द असतो.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. नियम सर्वांना सारखा असावा, हे आपण न्यायाचे पहिले लक्षण मानतो आणि ते खोटेही नाही. पण सारख्या नियमाने निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव दिले तर त्याला न्याय म्हणावे की नुसती सोय?

कोणी म्हणेल, संकटाच्या वेळी सवलती मिळतातच की! मिळतात. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे शेतसाऱ्यातली सूट, कर्जवसुलीला स्थगिती यांच्या जोडीला विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीन होते. पुढे इतर तालुक्यांतल्या अनेक महसूल मंडळांची भर पडली. ही सवलत चांगली आहे. मात्र ती मोजते तालुका, मंडळ, पैसेवारी. एकाच घराचे छप्पर उडाले तर त्याची पैसेवारी कोण काढणार? शिवाय माफ होते ते शुल्क. फडावर गेलेल्या मुलीची अडचण शुल्काची नव्हतीच, ते तिने भरले होते. तिला परीक्षेच्या दिवशी परीक्षेच्या गावी असता येत नव्हते.

मग तारीख बदलता येते का? २०२० साली ती बदलली. करोनाची साथ आली तेव्हा साऱ्या देशातली विद्यापीठे थांबली, वेळापत्रके गुंडाळली गेली, घरी बसून परीक्षा झाल्या. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाची परीक्षा झालीच पाहिजे असे बजावले. पण ज्याला त्या वेळी बसता आले नाही त्याच्यासाठी नंतर विशेष परीक्षा घेता येईल, असेही त्याच सूचनांत सांगितले. अशक्य म्हणून जे वर्षानुवर्षे ऐकत आलो ते दोन-तीन महिन्यांत शक्य झाले! तेव्हा संकट सर्वांवर होते, म्हणून कोणाकडे दाखला मागितला गेला नाही. एकट्यावर आलेल्या संकटाला मात्र पुरावा लागतो.

आमच्या जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करून आहे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर भाषणे पुष्कळ होतात. त्यांचे शिक्षण मध्येच तुटले होते, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. १९१६ साली ते लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत दाखल झाले, आणि १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट पाणतीराने बुडाली. तीत पुस्तके होती, कागद होते. खिशात पैसा नाही, पुढे बडोद्याच्या नोकरीत अपमान वाढून ठेवलेला. पण एक गोष्ट त्यांनी लंडन सोडण्यापूर्वी पदरात पाडून घेतली होती. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने लंडन विद्यापीठाने त्यांना परवानगी दिली होती, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत केव्हाही या आणि अभ्यास पुढे चालू करा.

ही चार वर्षे म्हणजे काय चीज होती ते पाहा. बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसा साठवला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि ती पदवी कोणी दयेने हातावर ठेवली नाही. प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले, तो फिरून लिहावा लागला. विद्यापीठाने गुणांत काडीची सूट दिली नाही. त्याने फक्त दार लावून घेतले नाही.

मला वाटते, साऱ्या वादाची गाठ इथे सुटते. सवलत म्हटली की मास्तर मंडळी दचकतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे वाढवलेले गुण येतात. गुणांची सवलत मलाही नको आहे. अर्धे शिकलेला डॉक्टर गरिबाच्या पोटचा आहे म्हणून रोग्याला काही दिलासा मिळत नाही. पण वेळेची सवलत निराळी. तिने ज्ञान पातळ होत नाही, तिने दुसऱ्या कोणाचे काही हिरावले जात नाही.

आणि फसवणूक? ती होणारच. एकेक विद्यार्थी वर्षातून तीन-तीन आज्या मारतो, हे मी शाळेत पाहतोच. परंतु वेळ मागून घेणाऱ्या लबाडाला अखेर त्याच प्रश्नपत्रिकेपुढे बसायचे असते. त्याच्या हाती लागते काय? चार लबाड सहा महिने उशिरा नापास होतील. त्यांच्या भीतीने एका खऱ्या मुलीला खोटा दाखला आणायला शिकवावे, हा सौदा मला महाग वाटतो. गंमत अशी, की नापास झालेल्याविषयी आपली विद्यापीठे पूर्वीपासून उदार आहेत. विद्यार्थी ज्याला एटीकेटी म्हणून थट्टेने मिरवतात, तो नियम म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देण्याची परवानगीच होय. पाच-पाच विषय एकदम राहिले की मात्र तो आडवा येतो, आणि ते का राहिले हे विचारायला त्याच्यात जागा नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' या वाटेने हजारो मुले शिकली. ती वाट रोजच्या गरिबीवरची आहे. बाप पडला त्या आठवड्यात ती उपयोगी पडत नाही. शिष्यवृत्तीही पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती येते. आमच्या गडाचे मूळ पुरुष नगद नारायण महाराज. भाविक त्या 'नगद' शब्दाचा जो अर्थ करतात तो करोत, मला त्यात एवढेच ऐकू येते, की द्यायचे ते वेळेवर द्यावे.

आता नवे नियम आले आहेत. २०२१ पासून श्रेयांक पेढीची व्यवस्था झाली. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात, मध्येच शिक्षण सोडून परत येता येते. लंडनची चार वर्षे आपल्याकडे सात झाली, म्हणून मला आनंदच झाला. मात्र तो आनंद मी त्या मुलीच्या आईला बोलून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मुलाचं ठीक आहे हो गुरुजी. पोरीला सात वर्षं कोण ठेवतंय घरात?"

हे मला आधी सुचले नव्हते. मुलाचे बुडालेले वर्ष कोनाड्यात जपून ठेवता येते. मुलीचे वर्ष मोकळे दिसले की त्यात स्थळे येऊ लागतात. म्हणजे दार उघडे ठेवणे हे तिच्यापुरते पुरेसे नाही, तिचा खंडच पडू नये अशी काही तजवीज हवी. ती फार खर्चाचीही नाही. ज्या कारखान्यांवर आमची माणसे जातात त्यांच्या आसपास, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, बारामतीकडे, महाविद्यालये आहेत. एका विद्यापीठाच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या विद्यापीठाच्या वर्गात बसून आपली प्रश्नपत्रिका सोडवावी आणि उत्तरपत्रिका मोहोरबंद होऊन इकडे यावी, इतकेच करायचे आहे. त्या दिवशीची तिची तोड बुडेल. मुकादम कुरकुर करील. पण पेपर होईल.