हात कोणाचे, आठवण कोणाची?

वेस्टमिन्स्टर ॲबीत डेव्हिड लिव्हिंगस्टनची कबर आहे. मुंबईहून पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना ती दाखवतो. विश्वासू हातांनी हा देह येथे आणला, असे त्या दगडावर कोरलेले आहे. ते हात कोणाचे, हे मात्र कोरलेले नाही. वाचकहो, त्यांतले एक हात नाशिकला लिहायला शिकले होते.

जेकब वेनराइट हा याओ जमातीचा मुलगा. गुलामांच्या जहाजातून ब्रिटिश आरमाराने त्याला सोडवले आणि नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात तो वाढला. (नाशिकचा शरणपूर रोड आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे, नावामागची हकीकत थोड्यांनाच ठाऊक.) १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. त्याचे हृदय तेथे पुरताना प्रार्थना वाचली वेनराइटने, झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. साथीदारांनी कित्येक महिने चालून देह समुद्रकाठी पोहोचवला. पुढे लंडनपर्यंत वेनराइट बरोबर आला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी शवपेटीबरोबर चालला. त्या प्रवासाची त्याने डायरी ठेवली. त्याच वर्षी तिचे जर्मन भाषांतर छापले गेले.

सूसी व चूमा हे दुसरे दोघे साथीदार अंत्यविधीनंतर इंग्लंडात पोहोचले. चूमाही लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. होरेस वॉलर यांनी दोघांना घरी ठेवून, बारीकसारीक प्रश्न विचारून त्यांच्या आठवणी टिपल्या. कशासाठी? लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशीचे पुस्तक पुरे करण्यासाठी. वेनराइटची डायरीही त्या देहाच्या प्रवासाची आहे. स्वतःच्या गुलामीचा वृत्तांत हा तिचा विषय नव्हे.

गुलामाला त्याची स्वतःची हकीकत विचारावी, हे त्या काळी कोणाला सुचणार होते, असे कोणी म्हणेल. पण याच लंडनमध्ये त्रेचाळीस वर्षांपूर्वी, १८३१ साली, मेरी प्रिन्सची कहाणी छापली गेली होती. बर्म्यूडात गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई. मालक तिला विकत मुक्त होऊ देईना, आणि अँटिग्वाला नवऱ्याकडे परत जायचे तर पुन्हा गुलाम होऊनच. आपली हकीकत लिहावी ही कल्पना तिचीच. सुझाना स्ट्रिकलंड यांनी ती ऐकून उतरवून घेतली. तिच्यावरही शंका आल्या. पाठीवरचे वळ बायकांनी पाहून साक्ष द्यावी लागली, १८३३ साली कोर्टातही उभे राहावे लागले. असे असूनही तिचे बोलणे आज आपल्या हाती आहे.

वेनराइटला कदाचित बोलायचे नसेल. ज्याने दुःख भोगले त्याला गप्प राहण्याचा हक्क आहेच, आणि मला तो मोठा हक्क वाटतो. पण तो बजावायला आधी कोणीतरी विचारावे लागते. न विचारता राहिलेल्या माणसाच्या मौनाला आपण त्याची इच्छा कशी म्हणावी? मिसरातील गुलामीची आठवण आपण दरवर्षी काढतो, तिची सुरुवात मुलाच्या प्रश्नाने होते. मराठी भाषांतरासह हगादा पुण्यात छापली गेली तीही १८७४ सालीच, म्हणजे शरणपूरचा तो तरुण ॲबीत उभा होता त्याच वर्षी.

वेनराइट पुढे आफ्रिकेस परतला व १८९२ साली वारला. अंत्यविधीनंतर तो अठरा वर्षे जगला. इंग्रजी त्याला उत्तम येत होते.