शाळिग्राम हातात घेताना



धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाने शाळिग्राम हातात घ्यावा काय, असे कुणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? “मुळीच नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पहिल्याच प्रतिज्ञेने आपण विष्णू नाकारला आहे,” असे आपल्यातले पुष्कळजण चटकन म्हणतील. उत्तर ठाम आहे. पण चटकन दिलेले उत्तर तपासून घ्यावे, अशी आपली शिकवण आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. नेपाळात मुक्तिनाथच्या खालच्या अंगाला काळी गंडकी वाहते. तिच्या पात्रात काळे गुळगुळीत गोटे सापडतात. गोटा फुटला की आत वेटोळे दिसते, बारीक आऱ्या असलेले. हे अमोनाइट नावाच्या प्राण्याचे कवच. माकूळ आणि अष्टपाद यांच्या कुळातला हा समुद्री जीव. कवचात एकामागून एक कप्पे. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राही आणि मागच्या रिकाम्या कप्प्यांच्या आधाराने पाण्यात तरंगे. गंडकीतले अमोनाइट साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. पुढे भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियावर आदळला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि हिमालय झाला. म्हणून समुद्रातला जीव डोंगरात सापडतो. हिमाचलातल्या स्पितीमध्ये, लांग्झा या बौद्ध वस्तीच्या आसपास, सुमारे ४,४०० मीटर उंचीवरही हेच अमोनाइट मिळतात.

आता पुराण काय सांगते? वज्रकीट नावाच्या किड्याने दगड कोरला आणि आत विष्णूचे चक्र उमटले. दुसऱ्या कथेत विष्णूने वृंदेला फसवले, तिने शाप दिला आणि तो दगड झाला. दर कार्तिकात तुळशीचे लग्न लावणाऱ्या घरांत या फसवणुकीविषयी कुणी बोलत नाही, हे जाता जाता सांगतो.

ज्याने पहिल्यांदा तो गोटा फोडला त्याला चक्र दिसले, हे खरेच आहे. पाहण्यात त्याची चूक नव्हती. इंग्लंडात व्हिटबीच्या किनाऱ्यावरच्या लोकांनाही अशाच कवचात वेटोळे घातलेले साप दिसले. सेंट हिल्डाने सापांचे दगड केले, अशी कथा झाली, आणि विकणारे त्या दगडांना सापाचे तोंडही कोरून देऊ लागले! अज्ञान सर्वत्र सारखेच असते. पण आपल्याकडे त्या अज्ञानाला कुंपण घातले गेले. शाळिग्रामाला शूद्राने आणि स्त्रीने स्पर्श करू नये, असा दंडक सांगितला गेला. माकुळाच्या मेलेल्या भाऊबंदाला देव्हाऱ्यात चांदीचे आसन, आणि जिवंत माणूस उंबऱ्याबाहेर! याहून मोठी विटंबना कोणती?

म्हणून मी विचारतो, ज्याला हात लावायची आपल्या आज्यांना बंदी होती, त्याला आपण आज आपणहून हात लावायचा नाही, हे कसे काय? घरात जुना शाळिग्राम निघाला की काहीजण तो गुपचूप नदीत सोडतात. हे विसर्जन झाले. विसर्जन करणाऱ्याच्या मनात अजून भीती आहे, दगडात काहीतरी आहे अशी. कालामांना बुद्धांनी सांगितले ते एवढेच की परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका. न पाहता फेकून द्या, असे ते म्हणाले नाहीत. तो गोटा टेबलावर ठेवावा, मुलांना कप्पे मोजायला लावावे.

मात्र एक धोका याच्या उलट बाजूचा आहे. मुक्तिनाथ बौद्धांनाही पवित्र आहे. तेव्हा ‘हे विष्णूचे नव्हे, आमचे धम्मचक्र’ असे म्हणणारा कुणीतरी आपल्यातच निघेल. बंधूंनो, ते वेटोळे विष्णूचेही नाही आणि आपलेही नाही. बुद्धांना विष्णूचा अवतार म्हणणे आपण खोटे ठरवले. तसलाच दावा आपण दगडावर सांगू लागलो तर दीक्षा कशाची घेतली?

आणि विज्ञानाच्या घरी तरी सगळे स्वच्छ होते काय? इंग्लंडातच लाइम रेजिस येथे मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) ही सुताराची मुलगी कड्याखालचे अमोनाइट वेचून प्रवाशांना विकी आणि पोट भरी. १८२३ साली तिने प्लेसिओसॉर या प्रचंड जलचराचा सांगाडा शोधला. तिचे नमुने घेऊन विद्वानांनी निबंध लिहिले; पुष्कळ ठिकाणी तिचे नाव नाही. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ साली. दगड कुणी उचलला आणि नाव कुणाचे लागले, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

शेवटी संग्रहाविषयी. आपल्यातली काही शिकलेली मुले असे दगड जमवू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट. महाराष्ट्रात मात्र बहुतेक सगळीकडे लाव्हाचा काळा पाषाण आहे. कार्ले-अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तोच. त्यात अमोनाइट शोधू नयेत. त्यासाठी कच्छात किंवा तमिळनाडूत अरियलूरकडे जावे लागेल. हा पाषाण वाहिला त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, अमोनाइट पृथ्वीवरून संपले. त्याआधी तीस कोटींहून अधिक वर्षे ते समुद्रात होते. अनित्यता शिकवायला याहून चांगला धडा कुठे मिळेल! पण कपाट भरण्याची हाव धरली तर तीही तृष्णाच. बाजारातून आणलेल्या गोट्याला गाव नसते, थर नसतो. तो अभ्यासाला जवळजवळ मुका. तेव्हा जो उचलाल तो कुठल्या ओढ्यात, कुठल्या थरात मिळाला, हे चिठ्ठीवर त्याच दिवशी लिहा. आणि वाट दाखवायला गावचा कुणी गुराखी आला असेल, तर त्याला विचारून त्याचेही नाव लिहा.